ऊसतोड मजुरीचे आकडे जुळत नाहीत? आधी ‘कशाला किती’ ते तपासा

गाळप हंगाम तोंडावर आला की हा प्रश्न ठरलेला. कुणाचा प्रबंध अडलेला असतो, कुणाला बातमी द्यायची असते, कुणाला संस्थेच्या प्रस्तावात एक ओळ भरायची असते. “ऊसतोड मजुराला दिवसाला नक्की किती पडतात? मला चार ठिकाणी चार आकडे मिळाले, त्यातला खरा कुठला?”

माझा अनुभव असा, की चारही खरे असतात. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो आणि ती गोष्ट कुठली हे मधल्या कुणीतरी खोडून टाकलेलं असतं. एक टनाचा, एक दिवसाचा, एक हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा म्हणजे उचलीचा, आणि एक तर मजुराचा नाहीच, कारखान्याच्या खर्चाचा. तक्त्यात मात्र चौघांच्या डोक्यावर एकच शब्द: ‘मजुरी’.

मी स्वतः यात सपशेल आपटलो आहे, म्हणून आधी तीच गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या ग्रामीण मजुरीचा एक तक्ता करत होतो. एका रकान्यात मनरेगाचा दर, दुसऱ्यात ऊसतोडीचा. दोन्हीकडे २७३ आलं. वाटलं, एकच ओळ दोनदा चिकटली, म्हणून एक खोडून टाकली. प्रत्यक्षात २०२३-२४ साठी महाराष्ट्राचा मनरेगाचा दर दिवसाला २७३ रुपये होता, आणि ऊसतोडीचा तेव्हाचा करारातला दर टनाला २७३ रुपये. निव्वळ योगायोग. ‘दर’ या मथळ्याखाली दोन्ही ठेवले होते, ‘प्रति काय’ हे लिहिलंच नव्हतं, त्यामुळे चूक पकडायला काही उरलं नाही. तेव्हापासून माझ्या कुठल्याही तक्त्यात आकड्याच्या आधी एककाचा रकाना असतो.

३६६ हा आकडा मिळाला असेल तर

सध्या सगळ्यात जास्त फिरणारा आकडा हाच. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. टनाचा दर २७३ वरून ३६६ वर गेला, मुकादमाचं (मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचं) कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झालं. आधीची वाढ २०२० ची, १४ टक्क्यांची. महाराष्ट्रात हा दर वाटाघाटीतून ठरत आला आहे. आधी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे, पुढे मुंडे यांच्या जागी पंकजा मुंडे, अशा नेत्यांच्या मध्यस्थीने तो ठरतो. दक्षिण गुजरातेत मात्र तोडणीचा टनामागचा दर राज्य सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत येतो. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून तिकडे जाणाऱ्या टोळ्या आणि बीड, अहिल्यानगरकडून सांगली-कोल्हापूरला जाणाऱ्या टोळ्या एकाच सरासरीत घालायच्या नाहीत, त्याचं पहिलं कारण हे.

या आकड्याबरोबर तीन गोंधळ येतात.

पहिला: तो टनाचा आहे. दिवसाला किती टन हे कळेपर्यंत त्यातून रोज निघत नाही.

दुसरा: तो छापून आलेला दर आहे. कारखान्याच्या दरपत्रकात टोळीच्या प्रकाराप्रमाणे वेगळे दर असतात. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारी टोळी वेगळी, बैलगाडीवाले वेगळे, टायरगाडीवाले वेगळे. बैलगाडीवाल्याच्या बिलात तोडणीबरोबर अंतराप्रमाणे वाहतूकही असते. म्हणजे त्याच्या ‘मजुरी’त बैलांचा चारा आणि गाडीची झीज आलीच. टायरगाडी कारखान्याची असेल तर तिचं भाडं कापून जातं. ‘बैलगाडीवाले डोकीवाल्यांपेक्षा बरंच जास्त कमावतात’ असा निष्कर्ष कुठे वाचलात, तर तिथे बहुधा वाहतूक वेगळी काढलेली नसते.

तिसरा गोंधळ तारखेचा. २०२३-२४ चा हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला, तडजोड जानेवारीत झाली. हंगाम चालू असताना दर बदलला की आधीच्या पंधरवड्यांची बिलं जुन्या दराने निघालेली असतात आणि फरक नंतर जमा होतो. डिसेंबरचं बिल हातात घेऊन “कारखाना अजून २७३ नेच देतो” असं लिहिण्याआधी फरक आला का, हे विचारा. आणि तो मुकादमापर्यंत आला की कोयत्यापर्यंत (तोडणाऱ्या जोडीपर्यंत), हेही विचारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जाता जाता त्या ३४ टक्क्यांबद्दल. बातमीत तो एका फटक्यात आलेला दिसतो. २७३ चा दर २०२०-२१ पासून तीन हंगाम चालला, म्हणून २०२०-२१ ते २०२३-२४ मोजलं तर वर्षाला साधारण १० टक्के पडतात. ३६६ चा करार तीन हंगामांचा, २०२५-२६ पर्यंतचा. तिथपर्यंत मोजलं तर तीच वाढ वर्षाला जेमतेम ६ टक्के. मोजपट्टी कुठे संपवली ते सांगितल्याशिवाय वाढीचा टक्का लिहू नये. महागाई वजा करायची असेल तर शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, औद्योगिक कामगारांचा नको. त्याचं पायाभूत वर्ष बदललेलं असेल, तर दोन मालिका जोडगुणांकाशिवाय (जुनी मालिका नवीशी जुळवणाऱ्या आकड्याशिवाय) एकापुढे एक मांडू नका.

‘दिवसाला अमुक’ असा आकडा सरकारी तक्त्यातून मिळाला असेल तर

तो बहुधा श्रम ब्युरोच्या ग्रामीण मजुरी दरांच्या मालिकेतला असतो, नाहीतर तीच मालिका रिझर्व्ह बँकेच्या राज्यवार सांख्यिकी पुस्तिकेत वार्षिक सरासरी होऊन आलेली असते. मालिका उत्तम आहे. महिन्याला येते, स्त्री-पुरुष वेगळे देते, राज्यवार आहे. पण ती नमुन्यातल्या गावांमध्ये चालू असलेला रोजंदारीचा भाव टिपते. बीडमधल्या एखाद्या गावात खुरपणीला किती, काढणीला किती, हे त्यातून कळतं. त्याच गावातली जोडी कराडजवळच्या फडात (तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात) असते, तिला काय पडतं हे त्यात कुठून येणार?

शिवाय ऊसतोड असा वेगळा व्यवसायच त्या यादीत नाही. काढणी-मळणीच्या गटात सगळी पिकं एकत्र. जुन्या यादीत, म्हणजे नोव्हेंबर २०१३ च्या आधी, ‘ऊस गाळप’ अशी एक ओळ होती. ते गुऱ्हाळातलं काम, तोडणी नव्हे. ही ओळ ‘ऊसतोड मजुरीची जुनी मालिका’ म्हणून वापरलेली मी पाहिली आहे, आणि ती पुढे कुणीतरी उद्धृतही केली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये व्यवसायांची यादीच बदलली (१८ चे २५ झाले), त्यामुळे त्या महिन्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका रेषेत काढले की आलेखात एक पायरी दिसते. ती पायरी वर्गवारीची आहे. धोरणाची किंवा दुष्काळाची कारणं तिला चिकटवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. तक्त्यात काही महिन्यांत आकड्याऐवजी रेघ असते. पुरेशा नोंदी आल्या नाहीत, असा तिचा अर्थ. स्प्रेडशीटमध्ये चिकटवताना ती शून्य झाली की वर्षाची सरासरी कोसळते. हसू नका, होतं असं.

घराला कुलूप

आवर्ती श्रमबल सर्वेक्षणातून (२०१७ पासून चालू असलेलं) नैमित्तिक मजुरांची दैनिक कमाई काढता येते. एकूण शेतमजुरांसाठी मी ती वापरतो. स्थलांतरितांसाठी मात्र हात आखडता घेतो.

कारण साधं आहे. सर्वेक्षण घरोघर जाऊन होतं, आणि घरात कोण धरायचं हे नेहमीच्या वास्तव्यावर ठरतं. ऊसतोड कुटुंब दसरा-दिवाळीनंतर निघतं आणि मार्च-एप्रिलात परततं. गावी गणक येतो तेव्हा घराला कुलूप किंवा ओट्यावर म्हातारी आणि नातवंडं. फडाकडे गणक येतो तेव्हा हे लोक पाचटाच्या कोपीत (झोपडीत), आणि टोळी तोवर पुढच्या गावाला सरकलेली. दोन्हीकडून निसटण्याची शक्यता मोठी.

आता एक पाऊल मागे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कोण, याची व्याख्या होती: मागच्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे चांगला पाऊस झाला, ऊस जास्त झाला, गाळप लांबलं, की तोच माणूस व्याख्येतून बाहेर; दुष्काळात हंगाम चार महिन्यांत आटोपला, की आत. ऊसतोड कामगार किती, यावर लाखांच्या फरकाचे अंदाज ऐकू येतात, त्यामागे बाकी कारणांबरोबर हेही आहे. आणि ‘किती जण’ हेच डळमळीत असेल, तर त्यांच्या सरासरीला दशांश चिन्हानंतर दोन अंक लावण्यात काय अर्थ?

कारखान्याचा तोडणी-वाहतूक खर्च

साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय टनामागचा तोडणी-वाहतूक खर्च असतो, आणि तो जाहीरही होतो. शेतकऱ्यांसाठी तो फार महत्त्वाचा, कारण एफआरपीतून (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) हाच खर्च वजा होऊन हातात पैसे येतात. आकडा अधिकृत, कारखान्यागणिक उपलब्ध, म्हणून मोह होतो.

तो मजुरी म्हणून वापरू नका. त्यात ट्रॅक्टर-ट्रकचं भाडं आहे, अंतर आहे, मुकादमाचं कमिशन आहे. बहुतेक ठिकाणी तो तोडणी दराच्या दुपटीच्या आसपास किंवा वर जातो. दोन कारखान्यांच्या खर्चात फरक दिसला, तर आधी ऊस किती लांबून येतो ते बघा. जो कारखाना तीस-चाळीस किलोमीटरवरून ऊस ओढतो, त्याचा खर्च चढा असतो. मजूर तिथे जास्त कमावतो, असं त्यातून निघत नाही. उपयोग एवढाच, की तुम्ही फडावरून गोळा केलेला दर अधिक कमिशन या खर्चापेक्षा जास्त भरला, तर तुमचीच नोंद चुकली.

उचल म्हणजे पगार नव्हे

“कोयत्याला लाख रुपये मिळतात” हे वाक्य पारावर ऐकू येतं, कारखान्याच्या गेटवर ऐकू येतं आणि कधीकधी अहवालातही. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल ही जोडीला हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे, मुकादमाकडून मजुराकडे अशी ती उतरत येते, आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या हिशेबातून फिटते. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

उचलीचा आकडा बिनकामाचा नाही. त्यावरून त्या वर्षी मजुरांची टंचाई किती होती, कोणत्या जोडीची पत किती होती हे कळतं. तिच्यावरून कमाई काढणं म्हणजे घरकर्जाच्या रकमेवरून पगाराचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

हंगामात दर आठवड्याला मिळणारी खर्ची हीसुद्धा हिशेबातून वजा होणारी रक्कम. मुलाखतीत मजूर म्हणतो, “आठवड्याला दीड हजार मिळतात.” ती त्याची मजुरी नसते, किराण्यापुरती खर्ची असते. माझ्या एका जुन्या प्रश्नावलीत ‘आठवड्याला किती पैसे मिळतात?’ असा प्रश्न होता. दोनशे फॉर्म भरून आल्यावर लक्षात आलं, की निम्म्यांनी खर्ची सांगितली आणि निम्म्यांनी टनाचा हिशेब. सगळे फॉर्म रद्दीत गेले.

मग रोज काढायचा कसा?

एक उदाहरण सोडवून दाखवतो. खालच्या आकड्यांपैकी दर तेवढा करारातला, बाकी सगळं ‘समजा’.

समजा एक जोडी दिवसाला सरासरी दोन टन तोडते. फडावर मुक्काम १५० दिवस, प्रत्यक्ष तोडणी १२० दिवस. बाकीचे दिवस पाऊस, कारखाना बंद, गाडीची वाट, आजारपण, टोळी हलवणं यात गेले. एकूण २४० टन. टनाला ३६६ प्रमाणे ८७,८४० रुपये.

आता रोज किती? तोडणीच्या दिवसांनी भागलं तर जोडीला ७३२. माणशी ३६६. (हा आकडा टनाच्या दराइतकाच आला, कारण दोन टन आणि दोन माणसं. याच योगायोगामुळे “ऊसतोड मजुराला दिवसाला ३६६ मिळतात” हे वाक्य कुणाला खटकत नाही. दीड टन तोडणाऱ्या जोडीला ते लागू नाही.) मुक्कामाच्या दिवसांनी भागलं तर माणशी २९३. दिवस बारा तासांचा होता असं धरून आठ तासांची बरोबरी काढली तर, तोडणीच्या दिवसाचीसुद्धा, माणशी २४४.

एकच जोडी, एकच हंगाम, एकच दर. उत्तरं ७३२, ३६६, २९३ आणि २४४. तुम्हाला मिळालेले चार आकडे आठवा.

आणि उचल एक लाख घेतली असेल, तर हंगाम संपताना या जोडीच्या हातात काही येत नाही, उलट १२,१६० रुपये बाकी निघते. तीही खर्ची, दवाखाना आणि खाड्याची (कामावर न गेलेल्या दिवसाची) कापणी शून्य धरून.

यातली सगळ्यात नाजूक कडी टनांची. दोनऐवजी दीड टन धरा, हंगामाची रक्कम ६५,८८० वर येते. दराबद्दल आपण एवढी भांडाभांडी करतो, पण दर सगळ्यांना ठाऊक असतो. टन कुणी मोजून आणत नाही. ‘जोडी रोज दोन टन तोडते’ हे एकमेकांच्या अहवालांतून उचललेलं वाक्य आहे. पडलेला ऊस, खोडवा, दाट पाचट, हंगामाच्या शेवटी ऊन, जोडीतल्या बाईचं बाळंतपण, या प्रत्येकाने ते बदलतं.

टनांची नोंद कुठे सापडते

कारखान्याकडे जोडीनिहाय हिशेब सापडेल अशी आशा धरून जाऊ नका. तिथे करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो, आणि पंधरवड्याचं बिल गाडीच्या किंवा टोळीच्या नावाने निघतं. जोडीपर्यंतची विभागणी असते ती मुकादमाच्या वहीत. तारीख, गाडी नंबर, टन, आणि मागच्या पानांवर कुणाची किती उचल, कुणाचा कधी खाडा. काही मुकादम ती वही आनंदाने दाखवतात, काही विषय काढताच चहा मागवतात आणि चहा संपेपर्यंत वही सापडत नाही.

मी करतो ते असं. टोळीचं पंधरवड्याचं बिल किंवा वजनकाट्याच्या पावत्या मिळवायच्या. पावत्या चालकाकडे किंवा चिटबॉयकडे (उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) असतात. एकूण टनांना कोयत्यांच्या संख्येने भागायचं. दहा कोयत्यांच्या टोळीने पंधरवड्यात २७० टन घातले, तर कोयत्यामागे २७ टन, ३६६ च्या दराने ९,८८२ रुपये. मात्र कोयते मोजताना टोळीत उभं राहून मोजा. नोंदीत दहा आणि फडात साडेनऊ, असं हमखास असतं, कारण एका जोडीतला एकटाच आलेला असतो. साडेनऊने भागलं की २७ चे २८.४ होतात. तेरा-चौदा वर्षांचं पोर मोळ्या बांधत असेल, तर ते भागाकारात धरायचं की नाही हे आधी ठरवून लिहून ठेवा. माझं मत: धरू नका, पण त्याच्या श्रमाची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. धरलं तर बालमजुरी सरासरीत विरघळते, आणि नोंदलंच नाही तर जोडीची उत्पादकता खोटी फुगते.

मग तीच गोष्ट दोन-तीन जोड्यांना स्वतंत्रपणे विचारायची. ‘रोज किती मिळतात’ हा प्रश्न टाळा. विचारा: यंदा किती खेपा झाल्या? उचल किती घेतली होती? हिशेब झाला का? किती फिटली, किती राहिली? खाडे किती पडले आणि एका खाड्याला किती कापले? माणसं रोजंदारीच्या भाषेत नव्हे, उचल फिटण्याच्या भाषेत हंगाम लक्षात ठेवतात. उचल वजा बाकी, अधिक हातात मिळालेली शिल्लक, ही एक बाजू. टन गुणिले दर वजा कापणी, ही दुसरी. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळपास आल्या नाहीत, तर कुठेतरी कापणी लपली आहे किंवा काट्यावर टन गळले आहेत. काटा मारल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांच्या म्हणून आपण वाचतो, पण मजुरी टनावर असल्यामुळे त्यात मजुराचाही तेवढाच वाटा बुडतो.

वेळ मार्चअखेर ते मे अशी धरा. माणसं गावी परतलेली असतात, हिशेब ताजा असतो. पावसाळ्यात नवी उचल वाटायला सुरुवात झाली, की जुनी बाकी आणि नवी उचल एकमेकींत मिसळतात आणि मग कुणालाच सांगता येत नाही. हंगामाच्या मध्यावर फडावर जाऊन मिळतं ते दृश्य, हिशेब नाही.

वाढ्यांचे पैसे (उसाचे शेंडे चाऱ्याला विकून आलेले) आणि शेतकऱ्याकडून घेतलेली खुशाली (दराबाहेरचे वरचे पैसे) यांना वेगळे रकाने द्या, दरात मिसळू नका. खुशालीतला काही भाग चालकाकडे जातो, आणि उसाची टंचाई की मजुरांची, यावर ती वर्षागणिक चढते-उतरते. सरासरीत घातली की पुढच्या वर्षीची तुलना बिघडते.

बाईची मजुरी

हा प्रश्न विचारणारे कमी, पण विचारतात ते योग्य विचारतात. दर टनाला आहे, जोडीचा आहे, आणि पैसे जवळजवळ नेहमी पुरुषाच्या हातात येतात. त्यामुळे ‘ऊसतोड करणाऱ्या स्त्रीची मजुरी’ असा आकडा कुठेच नोंदला जात नाही. दोनने भागणं ही आपली सोय. लिहिताना ‘जोडीच्या कमाईचा निम्मा हिस्सा, गृहीत’ असं स्पष्ट लिहा. आणि तो श्रम ब्युरोच्या स्त्री मजुरीच्या दराशेजारी ठेवून “इथे स्त्री-पुरुष समान वेतन दिसतं” असं तर मुळीच लिहू नका. समानता तुम्हीच भागाकाराने घातलेली आहे. तासांची नोंद करता आली तर करा. पहाटे चुलीपासून तिचा दिवस सुरू होतो आणि मोळ्या वाहून गाडी भरेपर्यंत चालतो. फडातले तास आणि कोपीतले तास वेगळे ठेवा, नाहीतर वाचणारा पहिल्या आक्षेपातच सगळं उडवून लावेल.

किमान वेतनाशी तुलना

ही तुलना करायचीच असेल तर तासांवर आणून करा. कामाच्या मापावर मजुरी असली, तरी वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्ये होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम १२ मध्येही आहे. अधिसूचनेतला मूळ दर आणि त्यावरचा, महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता अशी बेरीज घ्या. नुसता मूळ दर घेतला की सगळेच किमान वेतनाच्या वर दिसतात. परिमंडळ (अधिसूचनेतला भागवार गट) कामाच्या जागेचं घ्यायचं, मजुराच्या गावाचं नाही. मनरेगाशी तुलना करणार असाल तर वर्ष जुळवा: २०२३-२४ ला २७३, २०२४-२५ ला २९७, २०२५-२६ ला ३१२. हे दर एप्रिल ते मार्चचे, तर ऊस हंगाम ऑक्टोबरपासून मोजतात. नोव्हेंबर ते मार्चची तोडणी असेल तर त्याच आर्थिक वर्षाचा दर घ्या. एप्रिलातली तोडणी पुढच्या दरात जाते.

प्रसिद्ध करताना

टोळीचा नंबर, मुकादमाचं गाव आणि कारखाना ही तीन नावं एकत्र छापली की माणूस ओळखू येतो, आणि त्याची पुढची उचल अडते. तालुका पुरेसा आहे.

आकड्यापुढे मी एवढं चिकटवतो, मगच तो कुणाला देतो: “माणशी २९३ रुपये, जोडीच्या हंगामी तोडणी कमाईचा निम्मा हिस्सा, मुक्कामाच्या १५० दिवसांनी भागून, दर ३६६ प्रति टन, कमिशन, वाहतूक, वाढे, खुशाली वगळून, खाडा आणि खर्ची कापण्याआधी.” बातमीदार मित्र म्हणतो, एवढं मथळ्यात कसं बसवू? मथळ्यात बसवू नकोस, तक्त्याखाली बारीक टाइपात टाक. पुढच्या हंगामात कुणीतरी तोच आकडा घेऊन परत मला फोन करेल, तेव्हा निदान वाचून दाखवायला काहीतरी असेल.